पालकांची सही



शाळेला पालकांची सही पुष्कळ ठिकाणी लागते. प्रगतिपुस्तकावर लागते, सहलीच्या संमतिपत्रावर लागते, मूल चार दिवस आलं नाही तर रजेच्या चिठ्ठीवर लागते. सरकारी शाळेत व्यवस्थापन समितीच्या प्रोसिडिंगमध्ये तर एकाखाली एक सह्यांची ओळच लागते. या सगळ्या सह्यांत एक गोष्ट सारखी आहे. ठरायचं ते आधी ठरलेलं असतं, सही मागून येते. २०२४च्या फेब्रुवारीत हे प्रकरण एक पायरी पुढे गेलं. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ हे अभियान तेव्हा चालू होतं. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचं एक संदेशपत्र शाळांमार्फत मुलांच्या हाती देण्यात आलं. मुलांनी ते घरी न्यायचं, आईवडिलांबरोबर ते हातात धरून सेल्फी काढायची आणि ठरवून दिलेल्या संकेतस्थळावर टाकायची, अशी योजना होती. लोकसभेची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. या वेळी पालकांकडे सही नव्हे, चेहराच मागितला गेला.

त्या पत्रापेक्षा त्या फोटोतल्या पालकाचा विचार मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याने त्या मुख्यमंत्र्यांच्या पक्षाला मत दिलेलं असेल किंवा नसेल. पण मुलगी दप्तरातून कागद काढते, ‘बाईंनी सांगितलंय’ म्हणते, आणि तो शर्टाची बटणं नीट लावून भिंतीला टेकून उभा राहतो. नाही म्हणायला त्याच्याजवळ कारण असेलही, जागा नसते. नाही म्हणावं तर ते मुलीला म्हणावं लागतं, मंत्रालयाला नव्हे. सरकारी शाळेतल्या राजकीय पक्षपाताबद्दल मला आज जे सांगायचं आहे, ते या फोटोतच आहे. हा पक्षपात बहुधा वरून येतो, सत्तेबरोबर रंग बदलतो, आणि त्याला धरून ठेवू शकेल असा कायमचा हितसंबंध एकट्या पालकाचा आहे. मात्र त्यासाठी पालकाने मागायची गोष्ट ‘माझं मत शिकवा’ ही नव्हे. माझ्या मुलाला वेगळं मत असण्याची सोय शाबूत ठेवा, एवढीच ती आहे. या दोन मागण्या ऐकायला जवळच्या वाटतात. व्यवहारात त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात.

पक्षपात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे फळ्याजवळ उभा राहून आपली मतं मुलांच्या गळी उतरवणारा मास्तर येतो. असे मास्तर असतात, सगळ्या पक्षांचे असतात. पण जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाची स्थिती बघा. त्याला १९६७ सालचे जिल्हा सेवा वर्तणूक नियम लागू आहेत आणि राजकारणात भाग घेण्याची त्याला मनाई आहे. त्याचा मालक मात्र निवडणुकीतून बनलेली, म्हणजे पूर्णपणे राजकीय, संस्था आहे. पुस्तक बालभारतीचं, तेही १९६७ पासून. अभ्यासक्रम पुण्याहून, परिपत्रक मुंबईहून, आणि ते पाळलं की नाही हे विचारणारा केंद्रप्रमुखाचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज दुपारच्या सुट्टीत. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने त्याला शिक्षणेतर कामांतून सोडवलं खरं, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही तीन कामं वगळून. त्यामुळे मतदार यादी घेऊन तो दारोदार फिरतोच. शिक्षकांचा विधान परिषदेत मतदारसंघ आहे, ७८ पैकी ७ जागा त्यांच्या. पण त्यात मत माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना, प्राथमिकच्या गुरुजींना नाही. पक्षपात करायलासुद्धा थोडं स्वातंत्र्य लागतं. ते या माणसाजवळ फारसं नसतं. तो निरोप पोचवणारा आहे, आणि निरोप कोणाचा हे पाच वर्षांनी बदलतं.

ही तक्रार आजची नाही. महाराष्ट्रात ती सगळ्यांत आधी नेमकेपणाने मांडली जोतीराव फुल्यांनी, १८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात. सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर होतो, प्राथमिक शाळांतले जवळजवळ सगळे शिक्षक एकाच जातीचे आहेत, हे त्यांनी त्यात सांगितलं. बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक शेतकरी वर्गातूनही तयार करा, मोडी-बाळबोध, हिशेब, शेती, आरोग्य शिकवा, असं मागणं त्यांनी मागितलं. आपण हे निवेदन शिक्षणप्रसाराची मागणी म्हणून वाचतो. ते पालकाच्या बाजूने लिहिलेलं निवेदनही आहे: ज्याच्या पैशावर शाळा चालते त्याच्या मुलाला तिथे कोण, काय आणि कोणत्या नजरेने शिकवतो, हा त्यातला प्रश्न आहे. पंचवीस वर्षांनी, १९०७ मध्ये, सरकारने रिस्ली परिपत्रक काढून विद्यार्थी आणि शिक्षकांना राजकीय सभा-चळवळींपासून दूर ठेवण्याचा बंदोबस्त केला. शाळेत राजकारण नको, हे वाक्य आज आपण फार सोज्वळपणे म्हणतो. त्याचं सरकारी रूप आपल्याकडे स्वदेशीच्या चळवळीला वेसण घालण्यासाठी आलं. तेव्हा ‘शाळा राजकारणापासून अलिप्त हवी’ असं कोणी म्हणालं, की ते वाक्य कोणाच्या सोयीचं आहे हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

स्वातंत्र्यानंतर लंबक हलत राहिला. जनता पक्षाच्या राजवटीत रोमिला थापर, बिपन चंद्र यांच्या इतिहासाच्या पुस्तकांवर गदा आली आणि १९७८ मध्ये रामशरण शर्मांचं ‘एन्शंट इंडिया’ अभ्यासक्रमातून गेलं. कर्नाटकात २०२२ मध्ये भाजपच्या काळात दहावीच्या कन्नड पुस्तकात हेडगेवारांचं भाषण आलं, २०२३ मध्ये काँग्रेस आल्याबरोबर ते गेलं. पश्चिम बंगालमध्ये ज्या सिंगूर आंदोलनाने तृणमूल काँग्रेसला सत्तेपर्यंत नेलं, ते त्याच पक्षाच्या राजवटीत आठवीच्या इतिहासात दाखल झालं. केरळमध्ये २००८ साली डाव्या आघाडीच्या काळात सातवीच्या सामाजिक शास्त्रांच्या पुस्तकात एक छोटा प्रसंग होता. एक जोडपं मुलाला शाळेत घालायला आलं आहे, वडील मुसलमान, आई हिंदू. मुख्याध्यापक फॉर्म भरताना मुलाचा धर्म विचारतात. लिहू नका, असं उत्तर येतं. जात? तीही नको. मोठेपणी त्याला धर्म हवासा वाटला तर? मग त्याचा तो निवडेल. एवढाच मजकूर. त्यावर चर्च, मुस्लिम लीग, काँग्रेस सगळे रस्त्यावर आले, पुस्तकं जाळली गेली, आणि आंदोलनाच्या धुमश्चक्रीत मलप्पुरम जिल्ह्यात एका शिक्षकाचा जीव गेला. ज्याने ते पुस्तक लिहिलं नव्हतं, छापलं नव्हतं, अशा निरोप्याचा.

पण या सगळ्यांत मला थांबून बघावंसं वाटतं ते २०१२च्या व्यंगचित्राच्या प्रकरणापाशी, कारण त्यात दोन्ही बाजूंना खरं काहीतरी आहे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यघटनेवरच्या पुस्तकात शंकर यांचं १९४९ सालचं एक व्यंगचित्र होतं. घटना नावाच्या गोगलगाईवर डॉ. आंबेडकर बसले आहेत, हातात चाबूक आहे. मागे नेहरूंच्याही हातात चाबूक आहे. चित्राखाली मुलांना विचारलं होतं की घटना बनायला तीन वर्षं का लागली असावीत, आणि व्यंगचित्रकार त्यावर बोट ठेवतो आहे का. पुस्तक २००६ पासून वर्गात होतं. सहा वर्षांत काही लाख मुलांनी ते पाहिलं असेल. मे २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला, मंत्र्यांनी ते काढून टाकण्याचं जाहीर केलं, पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि दुसऱ्याच दिवशी पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. अकरा वर्षांनी, जून २०२३ मध्ये, याच दोघांनी एनसीईआरटीला लिहिलं की आमची नावं पुस्तकांवरून काढा. तेव्हा सरकार दुसरं होतं. अभ्यासाचं ओझं कमी करायच्या नावाखाली गुजरात दंगलींचे संदर्भ आणि गांधीहत्येनंतर संघावर आलेल्या बंदीचा उल्लेख अशा जागा गाळल्या गेल्या होत्या. ज्या पुस्तकांना एका सरकारने कात्री लावली त्यांनाच विरुद्ध बाजूच्या सरकारनेही लावली. पक्षपाताचा आरोप लेखकांवर करणाऱ्यांनी या योगायोगाचा विचार करायला हरकत नाही.

आता दुसरी बाजू. २०१२ मध्ये पुष्कळ दलित वाचकांनी जो आक्षेप घेतला तो झुंडशाहीचा म्हणून झटकता येणार नाही. ज्या वर्गात चाळीसपैकी तीन मुलं बौद्ध आहेत आणि बाकीच्यांना तेवढं एक चित्र बघून मधल्या सुट्टीत काय म्हणायचं ते चांगलं सुचतं, त्या वर्गात त्या पानाचा अर्थ पुस्तकलेखकाच्या हातात राहत नाही. प्रश्न चांगला आहे, चित्र ऐतिहासिक आहे, हे सगळं मान्य करूनही ते पान त्या तीन मुलांवर कसं उतरतं हे दिल्लीत बसून कळत नाही. ते कोणाला कळतं? शिक्षकाला, जर तो बघत असेल तर. आणि त्या मुलांच्या घरच्यांना. सहा वर्षांत ही गोष्ट त्या घरांतून शाळेपर्यंत, शाळेतून मंडळापर्यंत जाईल असा एकही रस्ता नव्हता. रस्ता नव्हता म्हणून ती संसदेत गेली, आणि संसदेत गेल्यावर तिचं जे होतं तेच झालं. चर्चा त्या तीन मुलांची राहिली नाही, मतपेढीची झाली. पालकांचा आवाज जिथे ऐकला जात नाही तिथे त्यांच्या नावाने दुसरे बोलतात.

मग पालकाने बोलायचं ते काय? आपल्या राज्यघटनेत याचा एक धागा आहे, फार बारीक, पण पक्का. २८व्या अनुच्छेदाचा तिसरा भाग सांगतो की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या कोणालाही धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही, त्याची स्वतःची, आणि तो अज्ञान असेल तर पालकाची, संमती असल्याशिवाय. संमती आधी घ्यायची आहे, गोष्ट घडून गेल्यावर नव्हे. आणि ती मुलाने भाग घेण्याबाबत आहे, शाळेत काय चालावं याबाबत नाही. हा फरक किती मोठा आहे हे केरळमधल्याच एका खटल्यात दिसलं. यहोवाचे साक्षीदार या पंथातली तीन भावंडं राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, गात नसत. धर्माची शिकवण आड येत होती. त्यांच्या वागण्यात अनादर नाही, असं चौकशीतही निघालं. पण एका आमदाराने हे पाहिलं, विधानसभेत मांडलं, आणि वरून सूचना येऊन जुलै १९८५ मध्ये मुख्याध्यापिकेने त्यांना शाळेतून काढलं. वडील भेटायला गेले तेव्हा तिने आपला नाइलाज सांगितला, असं नोंदीत आहे. उच्च न्यायालयात ते हरले. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्या. चिन्नप्पा रेड्डींच्या निकालाने मुलांना शाळेत परत घ्यायला लावलं. ‘बिजो इमॅन्युएल’ खटला म्हणून तो कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. मला त्यातला बाप लक्षात राहतो. राष्ट्रगीत बंद करा, असं तो म्हणाला नाही. इतर मुलांनी गाऊ नये, पुस्तकातून काही काढा, असंही नाही. माझ्या मुलांच्या तोंडात शब्द घालू नका, एवढंच त्याचं म्हणणं होतं. पालकाचा अधिकार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याची याहून स्वच्छ रेघ मला दुसरीकडे सापडलेली नाही.

उलट ही रेघ ओलांडली की काय होतं ते जानेवारी २०२० मध्ये एकाच विषयावर दोन टोकांना दिसलं. अहमदाबादमधल्या एका खासगी शाळेने नागरिकत्व सुधारणा कायद्याबद्दल पंतप्रधानांचं अभिनंदन करणारी पोस्टकार्डं मुलांकडून लिहवून घेतली. पालक शाळेत जाऊन भांडले आणि शाळेला माघार घ्यावी लागली. त्याच महिन्यात, आपल्या सीमेला लागून असलेल्या बीदरमधल्या एका शाळेत मुलांनी त्याच कायद्याच्या विरोधात नाटक केलं. त्यातल्या एका वाक्यावरून राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिका आणि एका विद्यार्थिनीची आई तुरुंगात गेल्या, लहान मुलांच्या जबान्या घ्यायला पोलीस पुन्हा पुन्हा शाळेत गेले. उच्च न्यायालयाने तो गुन्हा २०२३ मध्ये रद्द केला. राज्यसत्तेचा अन्याय कुठे मोठा होता हे सांगायची गरज नाही. पोस्टकार्डाबद्दल कोणी तुरुंगात गेलं नाही. पण शाळेच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी एक गोष्ट तीच घडली: शाळकरी मुलांनी मोठ्यांचं वाक्य म्हटलं. ज्या शाळेचं वाक्य आपल्याला पटतं तिथेही हे खटकलं पाहिजे. ते जमत नसेल तर पक्षपाताबद्दलची आपली तक्रार ही फक्त दुसऱ्याच्या पक्षाबद्दलची आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो जाणत्यांकडून. शिक्षण मुळातच राजकीय असतं, तटस्थ शाळा ही भोळी कल्पना आहे. खरं आहे. अस्पृश्यता वाईट, हे शिकवणं तटस्थ नाही आणि असूही नये. शिक्षण हक्क कायद्याचं २९वं कलम अभ्यासक्रम घटनेच्या मूल्यांशी सुसंगत असावा असं सांगतं, तेव्हा ते एक बाजू घेतंच. पण तेच कलम पुढे असंही सांगतं की मूल भय आणि दडपणापासून मुक्त असावं आणि त्याला मोकळेपणाने मतं मांडता यावीत. ज्या प्रश्नावर देशात कायदा झालेला आहे, मूल्य ठरलेलं आहे, तो एक प्रकार. आणि ज्यावर शहाणी माणसं आजही भांडतात तो दुसरा. घटना जातिभेद मोडायला सांगते, पण त्यासाठी कोणत्या पक्षाचा कोणता कार्यक्रम बरा, हे सांगत नाही. पश्चिम जर्मनीने, ज्यांच्या शाळांनी एकदा काय करून दाखवलं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, १९७६ मध्ये बॉइटेल्सबाख नावाच्या गावी यावर तीन साधे नियम ठरवले. विद्यार्थ्याला मताने दडपून टाकायचं नाही. समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं. आणि त्या प्रश्नात आपलं स्वतःचं हित कुठे आहे हे पारखण्याची ताकद विद्यार्थ्यात आणायची. यात शिक्षकाने मत बाळगू नये असं कुठे नाही. जे वादग्रस्त नाही ते ओढूनताणून वादग्रस्त करा, असंही नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे, आणि तो मला हलका वाटत नाही. पालक कोण मोठे निःपक्षपाती? २०२१च्या डिसेंबरात उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात एका सरकारी शाळेत सवर्ण मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचं जेवायला नकार दिला. मुलं हे घरूनच शिकून आली होती. त्या बाईला आधी कामावरून काढलं गेलं, ओरड झाल्यावर परत घेतलं. आपल्याकडेही शालेय पोषण आहाराच्या खिचडीभोवती, आणि ती कोण शिजवतं याभोवती, जे चालतं ते गावोगाव माहीत आहे. लैंगिक शिक्षणाला, विज्ञानाला, दुसऱ्या धर्माच्या सणाला विरोध करायला पालकच पुढे असतात. अशा लोकांच्या हाती शाळा द्यायची? नाही द्यायची. म्हणूनच मी त्या केरळच्या बापाची रेघ धरून बसलो आहे. पालकाला नकाराधिकार आहे तो आपल्या मुलाच्या तोंडात शब्द घालण्यापुरता. इतरांच्या मुलांना काय शिकवावं, शेजारी कोणाला बसवावं, जेवण कोणी करावं, यावर तो नाही. मतं मुलाची राहू द्या, हे शाळेला सांगणाऱ्या पालकाला तेच घरीही पाळावं लागतं. शाळेत जाऊन मूल आपल्यापेक्षा वेगळा विचार करायला लागलं, हा पक्षपाताचा पुरावा मुळीच नाही. बहुतेक वेळा तो शाळा चालू असल्याचा पुरावा असतो. (आपल्या घरातून सुधारक निघावा असं कोणत्या घराला कधी वाटलं होतं?)

तिसरा आक्षेप असा, की पालकांना नजर ठेवायला लावलं तर शिक्षक धास्तावतील. हेही घडून गेलेलं आहे. २०१८ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये एएफडी या उजव्या पक्षाने एक संकेतस्थळ उघडलं आणि तटस्थता न पाळणाऱ्या शिक्षकांच्या तक्रारी तिथे करा, असं पालकांना व विद्यार्थ्यांना सांगितलं. बॉइटेल्सबाखचं नाव घेऊन बॉइटेल्सबाखच्या नरडीला नख. वर्गातला तुकडा मोबाइलवर टिपून समाजमाध्यमांवर टाकणं हा त्याचाच देशी प्रकार. ज्या तक्रारीला चेहरा नाही, तारीख नाही, समोरच्याला उत्तर द्यायची संधी नाही, ती पालकांची देखरेख नव्हे. इंग्लंडमधला एक दाखला याच्या उलटा आहे. तिथे १९९६चा शिक्षण कायदा वादग्रस्त राजकीय विषयांची मांडणी संतुलित हवी असं सांगतो. हवामान बदलावरची अल गोर यांची फिल्म शाळांना पाठवली तेव्हा केंटमधला एक पालक २००७ मध्ये न्यायालयात गेला. फिल्म शाळांत दाखवू नये, ही त्याची मागणी होती, आणि त्याच्यामागे स्वतःचं राजकारण होतंच. न्यायालयाने फिल्म थांबवली नाही. तिच्यातल्या नऊ जागा शास्त्रीय मताशी जुळत नाहीत असं दाखवून त्या सांगणारी टिपणं शिक्षकांना द्यायला लावली. मागितलं होतं त्यापेक्षा चांगलं मिळालं. उघड्यावर झालेल्या भांडणाचा हा फायदा असतो.

राहिला शेवटचा आक्षेप, की सरकारी शाळेतल्या पालकाला हे सगळं परवडत नाही. महाराष्ट्रातल्या सुमारे ६५ हजार सरकारी शाळांत ज्यांची मुलं जातात, त्यांतले बरेचजण रोजंदारीवर आहेत, काही हंगामात ऊसतोडीला जातात. सकाळी अकराला सभेला बसायचं म्हणजे मजुरी बुडवायची. वस्तुस्थिती आहे ही, पण यातून निघतं ते इतकंच, की सभा संध्याकाळी ठेवा. या पालकांना मत नसतं असं कोणी म्हणत असेल तर त्याने २०२५ची हिंदीसक्ती आठवावी. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी सक्तीची झाली. ओरड झाल्यावर १७ जूनला दुसरा निर्णय आला. त्यात ‘सक्तीची’ जाऊन ‘सर्वसाधारणपणे’ आलं, आणि दुसरी भाषा हवी असेल तर इयत्तेत किमान २० विद्यार्थी हवेत, अशी अट आली. ज्या शाळेची सगळी पटसंख्याच २० नाही तिथल्या पालकाला ही निवड कोणत्या तोंडाने दिली, हे निर्णय लिहिणाऱ्याला विचारायला हवं होतं. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. घराघरांतली नाराजी खरी होती. पण ती सरकारपर्यंत पोचली ती पक्षांच्या मोर्च्याच्या भीतीने आणि ५ जुलैला मोर्च्याऐवजी झालेल्या विजयी मेळाव्याची झाली. प्रश्न सहा वर्षांच्या मुलाने किती भाषा शिकाव्यात हा होता. व्यासपीठावर तो उद्धव आणि राज ठाकरे या दोन भावांच्या एकत्र येण्याचा झाला. व्यंगचित्राच्या वेळी झालं तेच: शाळेपाशी दार उघडं नव्हतं म्हणून लोकांनी पक्षाचं दार वाजवलं.

दार मात्र कायद्याने केलेलं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २१व्या कलमानुसार प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, एकूण निम्म्या महिला, वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा. मुख्याध्यापक तिचे सचिव. शाळेच्या कारभारावर देखरेख हे तिचं पहिलं काम आहे, आणि कारभार म्हणजे फक्त नळ, पंखे आणि तांदळाची पोती असं कायद्यात कुठे म्हटलेलं नाही. अभ्यासक्रम ठरवणं तिच्या हातात नाही, ते बरंच आहे. पण एखाद्या पक्षाच्या नेत्याचं पत्र मुलांना वाटायचं का, मुलांचे आणि त्यांच्या घरच्यांचे फोटो कुठे चढवायचे, मिरवणुकीला वर्ग न्यायचा का, सरकारी कार्यक्रमाच्या थेट प्रक्षेपणासाठी तास बुडवायचा का, एखाद्या धड्यावरून कोणा मुलाची मधल्या सुट्टीत टिंगल होते का, हे प्रश्न अभ्यासक्रमाचे नाहीत, कारभाराचे आहेत. आलेलं परिपत्रक सभेत मोठ्याने वाचून दाखवावं, ते कोणाच्या सहीचं आहे हे सांगावं, ज्यांना आपलं मूल त्यात नको त्यांची नावं लिहून घ्यावीत: यातली एकही गोष्ट बेकायदा नाही. निरोप्यालासुद्धा याचा आधार होतो. वरून विचारणा झाली की गुरुजींना ठराव दाखवता येतो, माझ्या मनाने केलं नाही म्हणता येतं. १९८५ मध्ये केरळमधल्या त्या मुख्याध्यापिकेजवळ असा एखादा कागद असता तर तिला तो नाइलाज सांगावा लागला नसता.

सध्या या सभांची विषयपत्रिका बहुतेक शाळांत सारखीच असते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. पोषण आहाराचा आढावा घेणे. स्वच्छतागृह दुरुस्ती. गणवेश. त्याखाली एक ओळ सगळीकडे न चुकता छापलेली असते: ऐनवेळी येणारे विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने. या समितीचा अध्यक्ष पालकांमधूनच निवडलेला असतो.